एकावन्न टक्क्यांचे काका

तीर्थरूप काका,

वाकून नमस्कार (जरा जास्तच वाकले आहे, कारण पुढे ते कामी येणार आहे). तुमचा गुडघा कसा आहे? काकू शेक देते म्हणे, आणि तुम्ही शेक घेता घेता तिलाच बोलता. इकडे आई-बाबा मजेत. मीही मजेत असते, पण काय झालं ते ऐकाच.

परवा मी अनुदानाच्या मुलाखतीला जाऊन आले. विज्ञान-तंत्रज्ञानात स्वतःचा उद्योग काढणाऱ्या बायकांसाठी असतं ते. माझी पेटी तुम्हाला आठवत असेलच: लशी गार ठेवणारी, आणि आतला गारवा गेला की बोंब मारणारी (तीन वर्षं तुम्ही तिला मिक्सर म्हणताय, पण ते असो). अनुदान मिळालं तर अशा पन्नास पेट्या करून लहान लहान दवाखान्यांत वापरून बघता येतील. नाही मिळालं तर ही एकुलती एक आमच्या जिन्याखाली पडून राहील. ते मी होऊ देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

समोर तीन परीक्षक. दोघे पुरुष, त्यातले एक सारखे घड्याळ बघणारे, आणि मधोमध चष्मेवाल्या बाई. मी पेटी टेबलावर ठेवली, चालू केली, घसा साफ केला, आणि मी तोंड उघडायच्या आत पेटीच अशी किंचाळली की बाहेरचा शिपाई आग लागली समजून बादली घेऊन धावत आला. (आवाज बंद करायचं बटण मी मुद्दामच ठेवलेलं नाही, लोक आधी तेच दाबतात.) झाकण काढलं तर आत लशींच्या जागी माझा जेवणाचा डबा, वाफाळता! आईचं म्हणणं, पेटी रिकामीच तर होती, आणि तू दिवसभर उपाशी राहतेस. मला तोंड कुठे लपवू असं झालं. पण चष्मेवाल्या बाई उठल्या, डब्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या की म्हणजे यंत्र चालतंय. घड्याळवाले गृहस्थसुद्धा हसले.

इथवर झकास. मग बाईंनी कागद उलटले आणि विचारलं, कंपनीत तुमचा हिस्सा किती. एकोणपन्नास टक्के. उरलेला कोणाचा? काकांचा. आणि नियम असा, की निम्म्याहून जास्त हिस्सा अर्ज करणाऱ्या बाईचाच हवा. आता आपल्या घरची रीत त्यांना काय समजावणार! विजेचं बिल तुमच्या नावावर, फोन तुमच्या नावावर, माझ्या पहिल्या सायकलची पावतीसुद्धा तुमच्याच नावावर. त्याच सवयीने कंपनी काढताना मी माझ्या हाताने, अगदी भक्तिभावाने, तुमच्या नावापुढे एकावन्न लिहिले. तुमचा काही दोष नाही. लाज तर वाटलीच, पण खरं सांगू का, रागही आला, आणि तो माझाच मला आला. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जपा.

तुमची,
ठिणगी
(तुमचा रेडिओ उघडून बसले होते, त्या दिवशी तुम्हीच ठेवलेलं नाव)

ता. क. : सोबत एक कागद आहे. खुणेच्या जागी सही करायची. आधी वाटलं, दोनच टक्के मागावेत, तेवढ्याने भागतं. मग म्हटलं, मागायचेच तर सगळे मागावेत.

आणखी एक ता. क. : सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना वाटायला तुम्ही ‘मालक’ अशी दोनशे कार्डं छापून घेतलीत, हे मला ठाऊक आहे. त्यांवर चिकटवायला ‘सल्लागार’ अशा दोनशे चिठ्ठ्या पाठवते आहे. साक्षीदार म्हणून काकू सही करेल. कालच फोनवर बोललो आम्ही. यापुढचा शेक सहीनंतर, असं तिने ठरवलं आहे.

शेवटचा ता. क. : निघताना बाईंनी विचारलं, “पण कंपनी नक्की कोणाची?” मी पटकन म्हणाले, “माझी.” काका, खोटं बोलायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. शुक्रवारच्या आत ते खरं करून द्या.