ट्रामनंच जाऊ

बाबा, दिवाळीला मी मुंबईहून बोटीनं रेवसला उतरायचो तेव्हा तुमचा टांगा धक्क्यावर उभा असायचा. तुम्ही कधी कुणाला हाक मारली नाही. अलिबागचे वकील आपण होऊन तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही लगाम धरून वरबापासारखे बसलेले असायचात. मग सर्व्हिस मोटार आली. पुढच्या दिवाळीला बघतो तर टांगा नाही. घोडी विकलेली, आणि त्याच मोटारवाल्याची खाकी टोपी घालून तुम्ही लोकांच्या हातातली बोचकी ओढत ओरडताय, "अलिबाग, अलिबाग! चला, लगेच सुटते!" मला बघून तुम्ही हसलात. मी मोटारीत बसलो नाही. बैलगाडी मिळेपर्यंत धक्क्यावरच बसून राहिलो.

त्याच सुमारास मुंबईत बस सुरू झाली. मी धोबीतलावला ज्या छापखान्यात होतो तिथले बरेच जण बसनं येऊ लागले. मी मात्र परळहून ट्रामनंच जायचो आणि उशीर झाला की बोलणी खायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, मोटारीनं माझ्या बापाच्या पोटावर पाय दिला, तिच्यात मी चढणार नाही. ऐकणारे माना डोलवायचे. मलाही बरं वाटायचं.

एकदा तुम्ही माझा छापखाना बघायला आलात. "आज बसनं जाऊ," म्हणालात. मी माझा मोटारीत न चढण्याचा पण सांगितला. तुम्ही खो खो हसलात. "खुळा हायस काय? घोडीचा पाय गेलेला. चढणीला मारून मारून न्यायचो तिला. मोटार आली, सुटली बिचारी."

तेवढ्यात बस आली. एक म्हातारी गाठोडं घेऊन खालीच राहिली आणि घंटी वाजली. तुम्ही धक्क्यावरचा आवाज काढलात, "ए, थांब! माणूस हाय खाली!" बस थांबली. तुम्ही म्हातारीला हाताला धरून चढवलंत, मागून गाठोडं दिलंत. रांगेतले लोक हसले. कुणीतरी विचारलं, "काय हो, कुठल्या स्टँडवर असता?" मी समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागलो. परत वळलो तेव्हा बस गेलेली होती आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

"ट्रामनंच जाऊ," तुम्ही म्हणालात. "तुला तीच बरी."

ट्राममध्ये तुम्ही मांडीवर हात ठेवून बसलात. धोबीतलाव जवळ आल्यावर हळूच विचारलंत, "आत नेशील मला, का भायेर थांबू?"

आत नेलं मी. तुम्ही तोंड उघडलं नाही. वडील फार शांत आहेत हो तुमचे, असं सगळे म्हणाले, आणि मी हो म्हणालो.

तुम्ही गेल्यावरही ती पणाची गोष्ट मी सांगतच राहिलो. नातवंडांनाही सांगितली. हे लिहितोय ते कुठे पाठवणार? पण मोटारीवर माझा राग कधीच नव्हता, बाबा. बसच्या कंडक्टरनं हाक दिली की मला तुमचा आवाज ऐकू यायचा आणि शेजारच्याला काही कळलं तर नाही ना, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघायचो.