मागच्या रांगेतली माणसं

२० नोव्हेंबर

आलो एकदाचे. जेसल पार्कचा हा फ्लॅट आमच्या परळच्या खोलीपेक्षा फार मोठा नाही, पण खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसतो आणि स्वयंपाकघराला स्वतःचं दार आहे. माझ्या लेकीने, इशिताने, आल्या आल्या बाल्कनी आपली म्हणून जाहीर केली आणि अभ्यासाची खुर्ची तिथे मांडून टाकली. शेजारच्या संजनाबेन गाठिया आणि चहा घेऊन आल्या. माझं हिंदी आणि त्यांचं मराठी सारखंच दिव्य, त्यामुळे लगेच जमलं. जाताना म्हणाल्या, "कुछ भी लगे तो दरवाजा ठोकना, शरमाना नहीं."

परवापासून नवी नोकरी. इतकी वर्षं टीव्हीच्या मालिका एडिट केल्या, सासवांचे वटारलेले डोळे तीन तीनदा दाखवले, आता लोकांच्या हळदीचे व्हिडिओ कापायचे. अमोल असता तर म्हणाला असता, नीलम, प्रमोशन झालं की तुझं. तो जाऊन दुसरं वर्ष सरत आलं, तरी मी अजून पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूलाच झोपते. बाहेरची बाजू त्याची.

दमलेय, पण आजचा थकवा बरा आहे. सामान लावून झाल्यावरचा.

२२ नोव्हेंबर

गुणवंतभाईंचा स्टुडिओ म्हणजे भाईंदर पूर्वेला एक गाळा, त्यात एसी आणि कधीही बंद न होणारा एक मोठा कॉम्प्युटर. मला वाटलं होतं दिवसभर माउस घासायचा. छे. भाईंनी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला एआय असिस्टंट जोडलाय. आपण नुसतं बोलायचं, कापतो तोच, जोडतो तोच, गाणी लावतो, रंग सुधारतो, आणि ठरलेल्या तारखेला गिऱ्हाइकाच्या फोनवर पाठवूनही देतो. "नीलमबेन, तुम्ही फक्त बोला, बाकी ये खुद करेगा," असं भाई इतक्या अभिमानाने म्हणाले की जणू पोरगा सीए झालाय.

माझ्या मनगटाने मालिकांच्या काळातच राजीनामा दिला होता, त्यामुळे मला हे देवासारखं भेटलं. भाईंनी घरून काम करायला लॅपटॉप दिला आणि ड्रेसला अडकवायचा एक छोटा माइक. लॅपटॉप ही नुसती खिडकी, खरं काम गाळ्यातल्या मशीनवर चालतं.

एक कायमचा हुकूम भाईंनी त्याला देऊन ठेवलाय. आपल्याकडच्या लग्नांतली सगळ्यात मोठी तक्रार कोणती? आमचे मामा दिसलेच नाहीत. माइकवरून आहेर पुकारला, नाव घेतलं, आणि माणूस व्हिडिओत नाही. त्यावरून नाती तुटतात. म्हणून हुकूम असा: ज्याचं नाव घेतलं जाईल तो दिसलाच पाहिजे, कोणी सुटता कामा नये. मला तर हे फारच शहाणपणाचं वाटलं.

२७ नोव्हेंबर

राई गावातल्या एका आगरी घरची हळद. काय नाचतात लोक! बघूनच माझे पाय दुखले. पण मला आवडली ती सुलूआजी. ती धवलारीण, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, धवले, गाणारी बाई. हिच्या गाण्याशिवाय इथे लग्न लागत नाही. ती आधी देवांना लग्नाला बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. आवाज चिरका, पण मी ते दोनदा लावून ऐकलं.

त्याच गाण्यात मंडपाच्या मागच्या कडेला एक म्हातारी दिसतेय. पहिल्या कटमध्ये ती मला आठवत नाही. असेल, माझं लक्ष नसेल.

दुसरी गडबड मात्र खरी. सुलूआजी गात असताना मध्येच कोणीतरी ओरडलं, "दशरथ, पाट आन रं!" हा दशरथ म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा, पुढे बेभान नाचतोय. आणि त्याच वेळी तो मागे म्हातारीच्या शेजारीही उभा आहे. हात खाली सोडून, नुसता उभा. मी त्याला काढायला सांगितलं. काढला. परत बघितलं तर जागेवर. असिस्टंट म्हणतो, नाव घेतलं गेलं आहे. पुन्हा काढला, पुन्हा आला. शेवटी कंटाळले. एवढ्या गर्दीत कोण बघतंय, जाऊ दे म्हटलं. व्हिडिओ दोन तारखेला जाईल.

२ डिसेंबर

आज सकाळी राईचा व्हिडिओ पोचला आणि दशरथची बहीण उर्मिला लगेच पेढे घेऊन गाळ्यात आली. मोबाइलवर ती म्हातारी दाखवली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "ही तं आमची बय हाय! तुमी कशी आनलीव तिला?" मी म्हटलं, फोटोवरून मशीन बनवतं हल्ली. तर म्हणाली फोटो न्हायच. बयने, म्हणजे तिच्या आईने, जन्मात कोणाला फोटो काढू दिला नाही. आणि अंगावरचं लुगडं तेच, जे शेवटचं नेसवून तिला नेलं.

गुणवंतभाई खूश. आता प्रत्येक घर हेच मागेल म्हणाले. मी पेढा खाल्ला. रडणाऱ्या बाईच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला तिचा हेवा वाटला. लिहून टाकते, हेवाच वाटला.

३ डिसेंबर

मी केलं. दिवसभर डोक्यात घोळत होतं, दुपारी केलंच.

पेणकरपाड्याच्या एका लग्नाचं काम चाललंय. तिथेही सुलूआजीच. तिचं बोलावणं सुरू झालं, मी दार लोटलं आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हटलं, अमोल. एवढंच. स्वतःचीच लाज वाटली, शाळकरी पोरीसारखं.

आणि आला. मागच्या रांगेत, तो निळ्या चौकटींचा शर्ट घालून, कॉलर एका बाजूने वर आलेली. ती कॉलर मी किती वर्षं खाली बसवत आले. मी स्क्रीनला हात लावला. मग राहवेना, किचनकडे तोंड करून ओरडले, "इशिता, धावत ये! बाबा बघ, बाबा!"

ती आली. दोघी बघत बसलो. दूध उतू गेलं, गॅसपर्यंत सांडलं, आणि आम्ही दोघी रडत हसत होतो. खूप महिन्यांनी घर घरासारखं वाटलं. परक्यांच्या लग्नातून त्याला काढायला हवं, पण व्हिडिओ अकरा तारखेला जाणार आहे. तोवर राहू दे.

४ डिसेंबर

आज क्लिप उघडली. अमोलच्या शेजारी इशिता उभी आहे.

माइक चालू होता. मी हाक मारली तेव्हा सुलूआजीचं गाणं मागे चालू होतं. म्हणजे मशीनने हुकूम पाळला, दुसरं काही नाही. इशिता म्हणाली, "भारी दिसतेय मी, राहू दे की." माझ्या मनाला मात्र बरं वाटलं नाही. काढायला सांगितलं.

परत आली.

६ डिसेंबर

गुणवंतभाईंचा फोन. राईच्या लोकांना तो हळदीचा व्हिडिओ पुन्हा हवाय, मोठ्या पडद्यावर लावायला. दशरथ गेला. व्हिडिओ घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, अंगणात उभ्या उभ्या पडला. धडधाकट माणूस.

उर्मिलाने विचारलंय म्हणे, दशरथदादा मागे बयच्या जवळ कसा काय उभा?

मी फोन ठेवला. मी त्याला दोनदा काढला होता. तिसऱ्यांदा काढायचा मला कंटाळा आला.

७ डिसेंबर

सकाळपासून इशिताला काढतेय. बोलून, टाइप करून, हाताने कापून. मनगट सुजलंय. कापते, क्षणभर जागा रिकामी दिसते, मग ती असते. प्रत्येक वेळी अमोलच्या जरा जास्त जवळ. अकरा तारखेचं पाठवणंही रद्द होत नाही.

लॅपटॉप बंद केला. त्याने काय होणार, काम गाळ्यात चालतं. रिक्षा करून गेले तर शटरला कुलूप. भाई भाचीच्या लग्नाला भावनगरला. फोनवर म्हटलं, मशीनचं बटण बंद करायला कोणाला तरी पाठवा. कारण काय सांगणार? सांगितलं. भाई म्हणाले, "बेन, आराम करा तुम्ही. सीझनमध्ये मशीन बंद नाही होणार."

आराम.

८ डिसेंबर

इशिताला कॉलेजला जाऊ दिलं नाही. भांडली. कारण सांगितलं नाही.

तिला घरात मी आता बाळा म्हणते. नावाने हाक मारत नाही. माइक कपाटात, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलाय, तरी.

९ डिसेंबर

असिस्टंटला सरळ विचारलं. हिला काढायचं असेल तर काय करू?

त्याने शांतपणे लिहिलं, जागा रिकामी ठेवता येत नाही. तिच्या जागी कोणाचं नाव द्यायचं ते सांगा.

मला विचार करायला एक श्वासही लागला नाही. गाणं लावलं आणि माझं नाव सांगितलं.

झालं. इशिता गेली तिथून. मी उभी आहे, हिरवी साडी, अमोलच्या शेजारी. पुन्हा पुन्हा तपासलं. ती परत येत नाही.

खोटं कशाला लिहू, मला हलकं वाटलं. इतकी दमलेय मी. तिथे मागे उभ्या असलेल्या त्या बाईचा चेहरा बघितला, किती निवांत आहे ती. उद्याचा डबा नाही, मनगट नाही, काही नाही.

१० डिसेंबर

इशिताने पकडलं मला. गॅसवाल्याचा नंबर, पाण्याची वेळ, कुकरची शिट्टी कुठे ठेवली, हे सगळं तिला एका दमात सांगत होते. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, काय ते आत्ताच्या आत्ता बोल.

बोलले. सगळं. हसेल वाटलं होतं, हसली नाही. दशरथचं ऐकून पांढरी पडली. मग ओरडली माझ्यावर. बाबा गेल्यापासून सगळं तूच ठरवतेस, हेही तूच ठरवलंस, मला विचारलं का? मी म्हटलं आई आहे मी, आईने विचारायचं नसतं.

जेवलो नाही दोघी. नंतर येऊन माझ्या मनगटाला तेल चोळत बसली. माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, किती दिवस नीट झोपली नाहीस गं तू.

११ डिसेंबर, दुपार

झोप लागली. जेवून जरा आडवी झाले आणि लागली. इशितानेच उशी दिली, पडदे ओढले—

उठले तर लॅपटॉप टेबलावर. उघडा. माइक बाहेर.

मी नाही रांगेत. हिरवी साडी कुठेच नाही.

ती आहे. अमोलच्या शेजारी. केस बांधलेले, आज सकाळी बांधले होते तसेच—

खाली तिने सांगितलेलं उमटलंय. 'आईच्या जागी इशिता. आईला झोपू दे.'

त्याच्याखाली, व्हिडिओ पाठवला.

माझं नाव परत सांगितलं. ओरडून सांगितलं. तो म्हणतो काम पूर्ण झालं आहे. तो म्हणतो आणखी काही मदत—

बाल्कनीत नाही. बाथरूममध्ये नाही. चपला दारात आहेत. दार उघडं—

बेल. संजनाबेन. दार ठोकतायत, उघडं असून ठोकतायत, आत येत नाहीत. नीलमबेन, जल्दी नीचे चलो, म्हणतायत. खाली माणसं जमलीत. सगळे तिला हाका मारतायत, उठ म्हणतायत, नाव घेऊन—

नाव नका घेऊ. अहो नका घेऊ तिचं ना—