साडेसात मिलिमीटर

३ नोव्हेंबर, सोमवार
मालकांनी, म्हणजे अबू फहदनी, आज स्वतःची रायफल टेबलावर ठेवली. एरवी गिऱ्हाइकांच्या येतात. जुन्या लष्करी रायफलीचं धड, त्यावर पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी जाड नळी चढवलेली. मोठ्या जनावराची गोळी. वडिलांची आहे म्हणाले. डिसेंबरात आफ्रिकेत शिकारीला न्यायचीय. काम : चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, साडेसात मिमीने वाढवायची, मोठं काडतूस बसेल. मॅगझिन त्याच मापाचं. लाकूड नवीन. परवान्याचे कागद सोबत.
हे झालं की तुझी छुट्टी, म्हणाले.
घरी कोल्हापूरला सु.ला फोन. आपल्या रेवतीच्या बाळंतपणाला पोचतोय म्हटलं. ती म्हणाली, विमानात बसलात की सांगा.

५ नोव्हें.
रशीदभाईंनी दस्ता, म्हणजे रायफलीचं लाकूड, सोडवला. (वर्कशॉपात आम्ही दोघंच. मी लेथ, ते लाकूड. पेशावरचा माणूस, हात सोन्याचा.) खाचेतून लाल वाळू पडली, मूठभर. इथे सुलैत, आमच्या वर्कशॉपांच्या भागात, उडते ती धूळ पांढुरकी, पिठासारखी. ही जाड, विटेच्या रंगाची. वाळवंटात फिरलेली असणार कधीतरी.
नळी ब्रशने साफ केली, तेल दिलं. आत आरसा.

६ नोव्हें.
सकाळी नळी उजेडाकडे धरली. वाळू. तीच लाल. चिमूटभर.
रशीदभाई म्हणाले एसीतून येते. एसीतून येते ती पांढरी. परत साफ केली.

९ नोव्हें., रविवार
दोन दिवस सुट्टी, नळीची दोन्ही तोंडं टेप लावून बंद करून गेलो होतो. टेप जशीच्या तशी. आत वाळू.
दुपारी मालकांचे वडील आले. ड्रायव्हरने खुर्चीत बसवलं. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांत मोतीबिंदू, विसरतात सगळं. रशीदभाई त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. तासभर नुसते रायफलीकडे बघत होते. मी चहा द्यायला वाकलो तर हळूच म्हणाले, "कापू नको."
मराठीत.
कप तसाच टेबलावर ठेवला. मी विचारलं, काका, मराठी येतं? त्यांनी ऐकलंच नाही. नळीवर हात ठेवून म्हणाले, "सखाराम झोपलाय."

१० नोव्हें.
मालकांना विचारलं. हसले. लहानपणी चार-पाच वर्षं वडील मुंबईत होते, चुलत्याकडे, मोत्यांचा व्यापार होता. तिथली भाषा असेल. सखाराम? या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हता.
मनावरचा दगड उतरला. मुंबई म्हटल्यावर सगळं जुळतं.
पण काका आजही आले. आज अरबीत बोलले, सलग, जणू काल घडलंय. तरुण असताना तळ पडला होता दहना नावाच्या लाल वाळवंटात. पाण्याचा टँकर चालवायला एक हिंदी, म्हणजे भारतातला, माणूस. गाडी बसली वाळूत. पाणी दोघांना पुरणारं नव्हतं. तो म्हणाला, मी चालत जातो, माणसं आणतो. लांडग्यांना भिऊन रायफल मागून घेतली. तिसऱ्या दिवशी काकांना लोकांनी शोधलं. रायफलही सापडली, टेकाडावर आडवी, नीट पुसून ठेवलेली. माणूस नाही. पावलं रायफलीपर्यंत होती, पुढे नव्हती.
पुढे कुठे गेली, मी विचारलं.
काकांनी बोट नळीच्या तोंडात घातलं.

११ नोव्हें.
झोप नीट नाही. रशीदभाईंना सांगितलं. ते म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं आहे, पण मी असतो तर कापलं नसतं. मग म्हणाले, पण तुझी मुलगी...
रेवतीला दिवस कमी राहिलेत. छुट्टीच्या कागदावर सही मालकांची.
उद्या.

१२ नोव्हें.
कापलं.
नळी लेथवर बांधली, रीमर, म्हणजे भोक वाढवायचं हत्यार, हाताने. थोडं कापायचं, काढायचं, पुसायचं, बघायचं. एकोणीस वर्षं पोलाद कापतोय. त्याचा आवाज असतो, तो कानाला नाही, मनगटाला ऐकू येतो. आज काही नाही. लोण्यात सुरी जावी तसं.
तिसऱ्या मिलिमीटरला कीस बाहेर आला, त्यात लाल कण. नळीत पडलेली वाळू म्हणत नाही मी. पोलादातून. कापलेल्या जागेतून. भिंग लावून बघितलं, रशीदभाईंनीही बघितलं. त्यांनी कलमा म्हटला आणि दस्ता घासायला गेले. जेवायला आले नाहीत.
पुरं केलं. अर्ध्यात सोडता येत नाही. मापाचा गेज बसला, केसाचाही फरक नाही. इतकं चोख काम माझ्या हातून आजवर झालं नाही, आणि ते मी केलं असं वाटत नाही.
काका खुर्चीत होते. उठवायला गेलो तर चेहरा शांत. म्हणाले, "आता त्याला उठायला जागा झाली."

१६ नोव्हें.
चार दिवस नळी कोरडी. एक कण नाही. सुटलो बहुतेक. रशीदभाईंचा अक्रोडाचा दस्ता बघत राहावा असा. मालक खूश.
काका आले नाहीत. ताप आहे म्हणे.

२० नोव्हें.
शूटिंग रेंजवर चाचणी. तीन गोळ्या, तिन्ही हातभराच्या कागदावर एका रुपयाएवढ्या जागेत. मालकांनी मिठी मारली. खलास, परवाचं तिकीट काढ, म्हणाले, आणि सही केली.
सु.ला कळवलं. ती रडली. मी पण थोडा.
परत येताना मालकांना घरून फोन आला. गाडी बाजूला घेऊन ऐकत राहिले. मग मला म्हणाले, वडील सकाळपासून अरबी बोलत नाहीत. कुणालाच ओळखत नाहीत. तू चल, ते तुमचं काहीतरी बोलतायत.

तोच दिवस, संध्याकाळ
गेलो. मोठा दिवाणखाना, बायका आतल्या खोलीत, रडण्याचा आवाज. काका गादीवर ताठ बसलेले. ताप उतरलेला. मी समोर बसलो तर डोळे माझ्यावर नीट लावले. मोतीबिंदूतूनही.
"घराकडे कलवलंस काय रे?"
कळवलंस नव्हे, कलवलंस. अरबाच्या जिभेला ळ येत नाही, ते मान्य. पण हेल? आमच्या जुन्या कारखान्यात चिपळूणकडचा एक फिटर होता, तो असंच ओढायचा. मुंबईत चार वर्षं राहिलेल्या पोराचा हा हेल नाही.
मी म्हटलं, कुणाच्या घराकडे?
त्यांनी गावाचं नाव सांगितलं. खाडीकाठचं. वाडीचं, मग घराच्या मागच्या बाजूला काय आहे ते. बायकोचं नाव. ती सात महिन्यांची आहे, म्हणाले. मी पाणी आणायला गेलोय एवढंच सांग, उगीच घाबरवू नको.
मालकांनी विचारलं, काय म्हणतात?
मी सांगितलं, लहानपणीचं काही. मुंबईतलं.
खोटं का बोललो माहीत नाही. त्यांचा बाप त्यांच्यासमोर बसला होता आणि नव्हताही, हे त्या माणसाला कोणत्या भाषेत सांगू?
उठताना काकांनी मनगट धरलं. हात गार, तळवा खरखरीत. आयुष्यात कधी पाना न धरलेल्या शेठजीचा तळवा नाही तो.

२१ नोव्हें., शुक्रवार
बॅग भरली. रेवतीला बाळासाठी दुपटी, सु.ला खजूर.
रशीदभाई सोडायला येणार आहेत. त्यांना काही सांगितलं नाही.
मालकांचा फोन. वडील जेवले, शांत आहेत, एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारतात. मालकांनी तो जसा ऐकला तसा मला म्हणून दाखवला : कलवलंस? त्याचा अर्थ काय, विचारलं. मी म्हटलं, आल्यावर सांगतो.
गावाचं नाव कागदावर लिहून पासपोर्टात ठेवलंय. इथे लिहीत नाही. कोल्हापुरातून घाट उतरून चार-पाच तास. सात महिन्यांची होती, म्हणजे ते मूल आज माझ्याच वयाचं असेल. असलं तर.
जाऊन काय सांगणार, कुणी पाठवलं म्हणून सांगणार, अजून ठरत नाही.