पिळू नको, गळू दे

माय, मी परकरातली पोर, सडा टाकून झालाय, म्हशीची धार काढून झालीय, आणि खुंटीला टांगलेलं दह्याचं गाठोडं बघायला तू मला धाडतेस. खाली पाणी ठिबकतंय. चक्का लवकर व्हावा म्हणून मी फडकं पिळते. तू धावत येऊन माझं मनगट धरतेस. "पिळू नगं गं! दमानं गळू दे." दह्यासाठी एवढं? मला हसू आलं. तू हसली नाहीस.

आदल्याच वर्षी धाकट्या भावाच्या छातीत पाणी झालं होतं. उदगीरच्या डॉक्टरला तूच म्हणालीस, "एकदाच समदं काढा, लेकराला लई धाप लागलीय." त्यांनी सुईनं सगळं काढलं. मग त्याला खोकला सुटला, तोंडाला फेस आला, आणि संध्याकाळी तो गेला. "माझ्या तोंडानं घात केला," असं तू मरेपर्यंत म्हणत राहिलीस.

औंदा माझ्या नातीला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. न्यूमोनियानंतर छातीत पाणी झालं. बरगड्यांमधून नळी घातली, पाणी खालच्या बाटलीत यायला लागलं. थोडं आलं की डॉक्टरीणबाई नळीला चिमटा लावून ठेवायच्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, एकदाच समदं काढा की." बोलल्यावर कळलं, शब्द तुझेच होते.

"आजी, लई घाई तुम्हाला," त्या म्हणाल्या. "दबून राहिलेलं फुप्फुस एकदम उघडलं, तर कधी कधी त्याच्यातच पाणी उतरतं. लेकरू खोकायला लागलं की आम्ही थांबतो." मग मी भावाचं सांगितलं. नळीचा चिमटा बघत त्या म्हणाल्या, "तसंच झालं असेल. पण कुठं थांबायचं हे बघणं डॉक्टरचं काम. घरचे तर काढाच म्हणणार."

"आजी, हंडाभर निघालं का गं?" पलंगावरून नातीनं विचारलं.

मालक गेल्यापासून मी हाती येईल ते वाचते. नंतर एका पुस्तकात हे फुप्फुसाचंही वाचलं. तुला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं असतं. आता हे पत्र धाडायचं कुठं?

नात बरी होऊन घरी आली, अंगणात पळाली. दुसऱ्या दिवशी मी उदगीरची एसटी धरली. माहेरच्या शेतात भावाला पुरलं त्या बांधावर तू कधी पाय ठेवला नाहीस. मी तिथं बसले, आणि तुला सांगायचं होतं ते त्याला सांगून आले.