रंग तेवढा मला विचारतात

मंगळवार, संध्याकाळ

झेंडूच्या क्रेटवर पाणी मारून झालं की हे व्हॅनच्या दाराशी पाट ठेवायचे आणि त्यावर पाय देऊन मी चढायची. पाट ह्यांनीच केलेला. "बसा राणीसाहेब," म्हणायचे, मग आम्ही मार्केटला निघायचो.

आज शोरूममध्ये तो पाटच डोळ्यांसमोर. सागरने त्या महागड्या कंपनीची सगळ्यात छोटी गाडी पक्की केलीय. बदल्यात व्हॅन द्यायची, हेही त्यानेच ठरवलं. "आई, रंग तू सांग. पांढरा की निळा?" सून हसली, "आता पाटाची कटकट संपली, आई!"

संपली? मला कुणी विचारलं? नाही म्हणावं तर मुलाच्या हौसेआड येणारी आई. हो म्हणावं तर... ह्यांच्यामागे व्हॅन माझ्या नावावर झाली, म्हणून उद्या कागदावर माझी सही हवी.

दसऱ्याला गावभरच्या गाड्यांना आमची फुलं. व्हॅनचा हार सगळ्यात शेवटी, उरलेल्या फुलांचा. तोही हे पाटावर उभं राहूनच बांधायचे.

बुधवार

पांढरा रंग सांगितला. व्हॅनच्या कागदावर सही केली नाही.