स्वयंपाकघरात उघडणारं दार

महदिया, रविवार

आदरणीय शाझलियाताईस धाकट्या हमादीचा सलाम. गुडघे काय म्हणतात? आम्ही अल्लाच्या कृपेने सिमेंटच्या धुळीसकट ठीक आहोत. भावोजी गेल्यापासून तू गाबेसला एकटी; आमच्याकडे राहायला ये म्हणून तीनदा लिहिलं, आणि भावाच्या घरी पाहुणी होऊन राहणार नाही, असं तू तीनदा कळवलंस. तेव्हा तो विषय या पत्रात काढत नाही. फक्त बांधकामाचं सांगतो.

आमचा गवंडी उस्ता बलगासिम. माणूस गुणी, पण इंजिनियरने काढलेला नकाशा त्याने पहिल्याच दिवशी चहाच्या किटलीखाली घातला. घर तो पावलांनी मोजतो. त्याची सकाळची पावलं लांब पडतात आणि जेवणानंतरची आखूड, म्हणून पूर्वेची खोली ऐसपैस झाली आणि पश्चिमेच्या खोलीत पलंग मावला तर दार लागणार नाही. (मी तीस वर्षं भूमिती शिकवली. त्याचा उपयोग एवढाच, की चूक किती झाली ते मला बिनचूक सांगता येतं.)

मागल्या मंगळवारी मी दाढ काढायला गेलो. परत येऊन बघतो तर पुढचं दार पाच हात डावीकडे सरकलेलं. सुजलेल्या गालाने विचारलं, हे काय? उस्ता थापी पुसत म्हणाला, "मास्तर, तुमचं दार हाज्जा वसीलाच्या दारासमोर येत होतं. बाई उंबऱ्यात बसून वाटाणे सोलते. रोज सकाळी तिच्या घरात डोकावणार होता का? जरा चाड ठेवा." यावर आपल्या गावात कोण काय बोलणार? दारासमोर दार आपल्या अब्बांनीही काढलं नसतं. पण सरकलेलं दार आता थेट स्वयंपाकघरात उघडतं. तुझी भावजय मन्नूबिया तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, ते जास्त वाईट होतं. "आलेला पाहुणा आधी माझी खरकटी भांडी बघणार, मग माझं तोंड," म्हणाली. दार परत हलव म्हटलं, तर उस्ता म्हणतो, "हलवतो की. हाज्जाला मात्र तुम्ही सांगायचं." हाज्जाला काही सांगायची छाती तिच्या नवऱ्याचीही झाली नाही, आणि तो पोलिसात होता.

बाकी सगळं क्षेम. तब्येतीला जप.

तुझा आज्ञाधारक (या वयात तरी),
हमादी

ता.क. येत्या गुरुवारी छताचा स्लॅब टाकायचा आहे. त्या दिवशी मालकाने कामकऱ्यांना मटणाचं कुसकुस घातलं नाही तर छत गळतं, हे तुला माहीतच आहे. पाया भरला तेव्हा मन्नूबियाने रांधलं होतं. उस्ताने एक घास खाल्ला आणि उरलेलं पायाच्या खड्ड्यात घालू का, मजबुती येईल, असं अदबीने विचारलं. तेव्हा कुसकुस वाफवायचं तुझं मोठं भांडं घेऊन बुधवारपर्यंत ये. मन्नूबियाला यातलं काही माहीत नाही.

आणखी ता.क. दार आहे तिथेच ठेवायला मी काल उस्ताला सांगितलं. स्वयंपाकघरातून घरचीच माणसं आत येतात, ताई. माझ्या घराला पाहुण्यांचं दारच नाही. तू पाहुणी होणार कुठून? भांड्याबरोबर तुझी ट्रंकही आण. सकाळच्या पावलांची खोली तुझी.