स्वखुशीने

१२ मार्च
आठवडाभर या वहीला हात लावला नाही, चूक कबूल. आज मात्र लिहायलाच हवे. धाकट्या भावाचा बारा वर्षांनी फोन आला. म्हणाला, दादा, परवा सकाळी दहाला हृदयाचं ऑपरेशन आहे, आत नेण्याआधी भेटून जा. बोलणे आधी कुणी सोडले त्यात आता शिरत नाही. (त्याने.) तिकीट काढले, पुतण्याला विमानाची वेळ कळवली. जुने एका शब्दाने उकरायचे नाही.

१३ मार्च, दुपारी २.१०
विमानतळावर तीन तास आधीपासून हजर. गेटवर गोंधळ. जागा कमी, तिकिटे जास्त विकलेली. काउंटरवरच्या मुलीने माइकवर विचारले, कुणी व्हॉलंटिअर आहे का? सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून. शाळेत शिपाई होतो तेव्हा बावीस गॅदरिंगना मी व्हॉलंटिअर, छातीवर बिल्ला. हात वर केला. मुलगी म्हणाली, थँक यू हं काका. सही घेतली. इंग्रजी बारीक होते. बिल्ल्याचा फॉर्म असणार.

२.४०
कामाला लागलो. म्हातारी माणसे पुढे, लेकुरवाळ्या बाया त्यांच्यामागे. एका टायवाल्याने विचारले, तुम्ही कोण? म्हटले, व्हॉलंटिअर. मुकाट्याने रांगेत गेला. बिल्ला अजून आला नाही.

३.१५
शेवटचा माणूस आत घालून मी निघालो, तर मुलीने दार लावले. म्हणे काका, तुम्हीच तर जागा सोडलीत. व्हॉलंटिअर म्हणजे मागे राहणारा! ज्यांना रांगेत लावले त्यातल्या एकानेही वळून पाहिले नाही. टायवाल्याने तेवढा हात हलवला. हसत.
हरकत नाही. संध्याकाळच्या विमानात नक्की, असे मुलगी म्हणाली. गोड मुलगी.

६.३०
नक्की म्हणजे जागा उरली तर. उरली नाही. ती मुलगी ड्यूटी संपवून घरी. पुन्हा व्हॉलंटिअर मागितले तेव्हा दोन्ही हात खिशात ठेवले होते, तरी मीच राहिलो. उद्या सहाचे विमान, आठला तिथे, नऊला हॉस्पिटल. तासभर गप्पा होतील. पुतण्याला हे कळवले नाही, उगीच काळजी करेल. कंपनीवर केस करायची. ठरले.

१४ मार्च, सकाळी ९.३०
विमान अजून इथेच उभे. शेवटी पुतण्याला फोन केला. म्हणाला, काल तुम्ही उतरला नाहीत म्हणून कंपनीला विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, प्रवाशाने स्वखुशीने जागा सोडली. बाबांनाही तेच सांगितलं.
मी विचारले, धाकटा काय म्हणाला? पुतण्या म्हणाला, काही नाही, नुसती कूस बदलली. आत्ताच आत नेलं.
त्याला व्हॉलंटिअर, गॅदरिंग, बिल्ला सगळे सांगू लागलो. म्हणाला, काका, आता राहू द्या.
स्वखुशीने! सही माझी आहे, पण खुशी कुणाची, हे कुणी विचारले?
धाकट्या, मुद्दाम नाही रे. मला तो शब्द ठाऊक होता असे वाटले. शुद्धीवर आलास की लगेच कळव. शिव्या दे, पण कळव.